काळ्या काचेपलीकडची ओळ

त्रोन्हाइमच्या दफ्तरखान्यात हाल्डोर लुंडे एकतीस वर्षं फोटो काढत होता, आणि त्यातला एकही कुणी भिंतीवर लावला नव्हता. जळके कागद, भिजलेल्या नोंदवह्या, पुसट शिक्के. लावणार काय, कपाळ! त्याच्याकडे एक काळीकुट्ट काच होती. तिच्यातून माणसाला ढिम्म दिसायचं नाही. फक्त अवरक्त किरण, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड, तेवढा आरपार जायचा. त्या उजेडात कित्येक शाया गायब होतात, पेन्सिल मात्र राहते. हे त्याने बायकोला लग्नाच्या जेवणातच समजावून सांगितलं होतं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

१९८४च्या मार्चात बोर्गहिल्ड नावाची म्हातारी नवऱ्याचं पत्र घेऊन आली. युद्धात जर्मनांच्या कैदेतून त्याने ते पेन्सिलीने लिहिलं होतं, आणि तो तिथेच गेला. पत्रात ‘शेजारच्या आर्न्तने’ एवढं वाचता येत होतं. पुढचं सगळं तुरुंगाच्या तपासनिसाने शाईने खोडलेलं.

“पुढे काय असणार? त्यानेच चुगली केली,” बोर्गहिल्ड म्हणाली. “एक्केचाळीस वर्षं त्या मेल्याशी बोलले नाही मी. कुंपण एकच आहे आमचं. एकदाचा पुरावा द्या, म्हणजे सुखाने डोळे मिटीन.”

हाल्डोरने पत्र मांडलं, नजरेने फोकस जुळवला, मग काच चढवली. आता भिंग लाल खुणेपर्यंत जरासं सरकवायचं असतं, कारण हा उजेड वेगळ्या जागी जुळतो. नवशिकेसुद्धा हे विसरत नाहीत. हाल्डोर विसरला. म्हातारीच्या तोंडाचा पट्टा चालू होता ना!

फोटो धुऊन निघाला तो नुसता गिचमीड. शाई गेली होती, पण अक्षरं फुगलेली. शेवटचं ‘विसरू नकोस’ तेवढं लागत होतं.

“बघा! विसरू नकोस म्हणतोय. नाहीच विसरले मी.” तिने पर्स उचलली.

“बसा,” हाल्डोर म्हणाला. “चूक माझी आहे. पुन्हा काढतो.”

“कशाला? मला कळलं.”

“मला नाही कळलं. बसा म्हणतो ना!”

इतकं तो घरी आठवड्यात बोलत नसे.

दुसरा फोटो लख्ख आला. त्याने मोठ्याने वाचला. “शेजारच्या आर्न्तने दिलेले बटाटे एक पहारेकरी दर रविवारी गुपचूप आणून देतो. आर्न्तचे आभार मानायला विसरू नकोस.”

बोर्गहिल्डने फोटो हातात घेतला. उलटा धरला, सुलटा केला.

“आर्न्तची बायको गेली तेव्हा चर्चची घंटा वाजत होती, आणि मी घरात खिडक्या पुसत बसले हो,” ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

रडण्यावर हाल्डोरकडे काही इलाज नव्हता. सव्वादोन वाजले होते. कामाच्या वेळात तो कधी दाराबाहेर पडला नव्हता. त्याने कोट चढवला.

“चला. आर्न्तचं दार मी वाजवतो,” तो म्हणाला. “बोलायचं मात्र तुम्ही.”