काकूंची पोथी गौरीने वाचली

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर तो रायपूरच्या गुढियारी भागातल्या आमच्या शेजारच्या इंदूकाकूंचा. काका रेल्वेत होते. ते गेल्यावर काकू एकट्याच राहत. पण त्यांच्याविषयी सांगायचं तर आधी माझ्या रागाविषयी सांगावं लागेल. त्या दिवसांत माझ्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

रायपूर राजधानी झाल्यावर नव्या कार्यालयात नोकरी मिळाली म्हणून मी विदर्भातून इथे आलो. घराण्यातला पहिला पदवीधर मीच. तालुक्याच्या गावातल्या गळक्या वर्गात शिकलो आणि जी चार अक्षरं आली, ती आमच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीतल्या महाराजांच्या कृपेने आली असं मानत आलो. म्हणूनच माझी गौरी तिसरीत गेली तरी तिला एक ओळ धड वाचता येईना, तेव्हा माझा पहिला राग महाराजांवरच होता. बापाला दिलं ते लेकीला का नाही? तसबिरीसमोर उदबत्ती लावणंही मी सोडून दिलं.

दुसरा राग शाळेवर. मॅडमनी बोलावून सांगितलं, "घर में मराठी बंद कीजिए, बच्ची उसी से अटकती है." दिवाळीच्या सुट्टीनंतर मोठ्या मॅडमसमोर एक पान वाचता आलं नाही, तर गौरीला परत दुसरीत बसवणार होते. तिला मागच्या बाकावर बसवून ठेवायचं, एकदाही जवळ घेऊन तिच्याकडून वाचून घ्यायचं नाही, आणि दोष आमच्या घरातल्या बोलीला द्यायचा! आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. तो सगळा राग घरी मात्र गौरीवर निघायचा. संध्याकाळी तिचं हिंदीचं पुस्तक उघडून मी समोर बसे. ती अडखळली की "पुन्हा", चुकली की "पुन्हा". एकदा ती हळूच म्हणाली, "पापा, आप चिल्लाते हो तो अक्षर भाग जाते हैं." मला त्याचाही राग आला.

दिवाळीच्या आधी काकूंनी घरी महाराजांच्या पोथीचा सप्ताह मांडला. तो मध्यावर आला असताना दवाखान्यातून अचानक निरोप आला, की त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर अलीकडे आला आहे. दुसऱ्या दिवशी त्या पट्टी बांधून परतल्या. दुसऱ्या डोळ्याने त्यांना जेमतेम दिसत होतं, आणि मांडलेला सप्ताह मोडत नाहीत. पोथी काखेत धरून, भिंतीला हात लावत त्या आमच्या दारात आल्या. मी म्हणालो, "आणा काकू, मी वाचतो."

"तू नको वाचू, बापू. तुह्या तोंडून पोथीबी भांडल्यावानी वाटते. पोट्टीले धाड."

"तिले वाचता येत नाही, काकू."

"मंग मले तरी कुठं दिसून राहिलं? जमवतो आमी दोघी."

पोथीवर बसलेल्याला मध्ये टोकायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. काकूंच्या घरी गौरी पोथीवर बसली, मीही काकूंशेजारी ऐकायला बसलो, आणि पहिल्याच ओवीत तिने एका शब्दाचे दोन तुकडे केले. माझं तोंड उघडलं, तोच काकूंचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. "बस गुमान. महाराज ऐकून राहिले. त्याहिले तुह्यावानी घाई नाही."

गौरी खुदकन हसली आणि पुढे वाचू लागली. ती अडली की ऐकायला आलेले सगळे नुसते थांबत. काकूंच्या घरून येणारी ओवीची चाल ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती चालच तिला पुढच्या शब्दाकडे ओढून नेत होती. दिवे लागेपर्यंत तिचा अध्याय पूर्ण झाला. मी तसाच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. तो आता कुणावर होता, ते मला सांगता येणार नाही. समाप्तीच्या दिवशीही तीच पोथीवर होती.

सुट्टीनंतर मोठ्या मॅडमच्या खोलीत ती सावकाश वाचत होती. मधेच वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "नहीं, ऐसे नहीं..."

"टोकिए मत, मॅडम," मी म्हणालो. "उसको पूरा करने दीजिए." माझा आवाज चढला होता. त्याचं मला वाईट वाटत नाही. गौरीने पान संपवलं आणि ती तिसरीतच राहिली.

ऑपरेशनचा नंबर नेमका त्याच आठवड्यात का लागला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला लेकीला माझ्या हातांनी घडवायचं होतं. महाराजांनी तिला माझ्या हातांतून काढून घेतलं आणि वाचती करून परत दिलं. शाळेतून परतलो त्या संध्याकाळी मी तसबिरीसमोर पुन्हा उदबत्ती लावली. पुढे काकू लेकीकडे वर्ध्याला गेल्या. त्यांना मी पाठवलेलं पत्र हे.

ती. इंदूकाकूंना सा. न.

गौरी आता रोज मोठ्याने वाचते. शाळेवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मागणंही मी महाराजांकडे मागत नाही. फक्त घरात येताना तो चपलांपाशी ठेवायला शिकतो आहे. कधी विसरलो, तर गौरीच मला बाहेर ओट्यावर पाठवते. तुम्हाला आता नीट दिसू लागलं का, ते कळवा. उत्तर गौरीच्या नावाने पाठवा आणि लिहिणाऱ्याला अक्षर मोठं काढायला सांगा. पाकीट तीच फोडेल. तुम्ही काय लिहिलं आहे, ते ती वाचून सांगेल तेव्हा मला कळेल.