रुमालाखालची मोजणी

मोताळ्याच्या बाजारच्या दिवशी हुतूतूचा सामना होता. आमच्या गावच्या कप्तानाने माझ्या धाकट्या भावाला या सामन्यानंतर संघातून काढायचे ठरवले होते. आम्ही बायका मागे निंबाखाली बसलो होतो.

पुढे बैलांचा एक दलाल बसला होता. कुठला, कोण जाणे. लाल पागोटे, आणि समोर ज्वारीच्या दाण्यांच्या ढिगल्या, दर खेळाडूची एक. कोणती कोणाची, ते त्यालाच ठाऊक. कप्तानाने गडी उचलून आपटला की लोक ओरडत. हा शांतपणे दर वेळी वेगळ्याच ढिगलीत दाणा टाकी.

"अहो भाऊ, पाडलं तं कप्तानानं!" शेजारचा म्हणाला.

"पन पाय कोनं धरला? मी बैलाचे शिंगं नाही पाह्यत, पाय पाह्यतो."

खेळ संपल्यावर कप्तान हसतच आला. माझ्या भावाकडे बोट करून म्हणाला, "सांगा भाऊ, कोनाचे किती? याचा तं एकबी नसन."

दलालाने सवयीने आपल्या आणि कप्तानाच्या हातांवर रुमाल टाकला आणि बैलाचा भाव करावा तसे आतून बोटे दाबून आकडे सांगू लागला.

"मोठ्यानं सांगा ना!" लोक ओरडले.

"बाजारात आकडा कोनी मोठ्यानं सांगते काय?"

रुमाल हलत राहिला. कप्तानाचे हसू हळूहळू मावळले. कोणाचे किती, ते त्या दोघांतच राहिले. कप्तानाने हात बाहेर काढला, कान चोळला आणि माझ्या भावाला हाक मारली, "काऊन बे, दूर काऊन उभा? पुढच्या सामन्याले माह्याजवळच राह्यजो."