खाज्याच्या दुकानात इसबगोल

"तोंड उघड गो."

दुकानात पर्यटक उभे. मालकीणबाईंनी, आम्ही त्यांना वयनी म्हणायचो, असं म्हणत माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. मी उघडलं. दाढेत गूळ चिकटलेला. एक पोरगी हसली. वयनी त्यांच्याकडे वळल्या, "बघितलंत? यांच्या वाडीतली सगळी अशीच."

मालवणातलं खाज्याचं दुकान. जाड शेव आल्या-गुळाच्या पाकात घोळवायची, तो खाजा. मी कढया घासायची, ट्रे धुवायची. माझा पाण्याचा पेला मागीलदारी, वेगळा.

मी खाल्लं होतं, हे खरं. कढईचा पाक रोजच खरवडायची, त्या दिवशी ट्रेमधला तुकडाही उचलला. चोरी माझी, तर अपमानही माझाच. माझ्यामुळे अख्ख्या वाडीचं नाव गेलं. घरी आयेकडे बघवेना. साखरेने तिचा एक पाय नेलेला, आणि मला गोड सुटत नव्हतं.

पुढे माझीही साखर वाढलेली निघाली. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "गोळी चुकवू नको. आणि जेवच्या आधी इसबगोल घे, भरपूर पाण्यातून. पोट भरलेला रवता, गोडाची ओढ वाईच कमी होता."

मागीलदारी त्याच पेल्यात इसबगोल ढवळायची. बुळबुळीत. लगेच प्यायचं, नाहीतर घट्ट होतं. सुरुवातीला काही फरक नाही. एकदा पेला रिकामा केला आणि तशीच जाऊन कढई खरवडली. स्वतःचीच किळस आली. हळूहळू दुपार सोपी झाली. ओढ मेली नाही, पण हात पुढे जाण्याआधी थोडा वेळ मिळू लागला. त्या वेळात मी विचार करू लागले.

मग एकदा ट्रेमध्ये तुकडे कमी भरले.

"तोंड उघड गो."

मी काहीच खाल्लं नव्हतं. उघडलं असतं तर सुटले असते. ओठ हललेही. आणि वाटलं, दात बघायला मी काय बाजारातलं जनावर?

"मी उघडूचंय नाय, वयनी."

"म्हणजे खाल्लंस."

"खाल्लंय काय नाय, ताही सांगूचंय नाय."

काम त्याच दिवशी गेलं. आये म्हणाली, "खाल्लंस नाय, तर दाखवक काय झाला गो?"

पहिल्या वेळचं अजून टोचतं. तुकड्याचं आता कमी, तोंड उघडल्याचं जास्त. इसबगोल चालू आहे, माझ्या पायांसाठी. कुणाला स्वच्छ दात दाखवायला नाही. उद्या चोरून खाल्लं तरी उघडणार नाही.