तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

आमच्या ऑपरेशन थिएटरातले भूल देणारे डॉक्टर ॲलर्जी हा शब्द वापरतच नाहीत. "कोणत्या औषधानं अंगावर गांधी उठल्या? तोंड सुजलं?" असं विचारतात, तेही तीनदा. वॉर्डात, मग पेशंटच्या सासू-नवऱ्याला बाहेर पाठवून, शेवटी टेबलावर. बारा वर्षं त्यांच्याजवळ सिस्टर म्हणून उभी राहून मला त्याचा लय वैताग आला होता.

परवा माझंच पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणाले, "सर, मला काय विचारायलात?"

"आत्ता तुम्ही पेशंट आहात," म्हणत ते भरलेली सिरिंज हातात धरून थांबले.

तेव्हा आठवलं. सोनपेठला दाढ काढल्यावर एका अँटिबायोटिकनं माझे ओठ सुजले होते. मी नाव सांगितलं.

सिरिंजमध्ये तेच होतं, ऑपरेशनआधी जंतुसंसर्ग टाळायला देतात ते. त्यांनी ती फेकून दिली.

आधी दोनदा मी हसून 'नाही' म्हणाले होते.