ताईंनी ऐकलेली वाढ

पुढच्या वर्षी कंपन्या संगणकांवर किती खर्च करतील, याचा अंदाज आमची संस्था दरवर्षी बांधते. त्यासाठी कंपन्यांना फोन करण्याचं काम ताई एकोणीस वर्षं करत होत्या. प्रश्नावली संपली की त्या एक पदरचा प्रश्न विचारायच्या, "तुमचा स्वतःचा संगणक कसा चालतोय?" मग समोरचा माणूस मन मोकळं करायचा.

एका वर्षी बहुतेकांनी खर्च कमी करू म्हणून सांगितलं. साहेबांनी अहवालात घट लिहिली. ताई तडक त्यांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, हे लोक खर्च करणारच. जुन्या यंत्रांनी पार जीव खाल्लाय त्यांचा. एकाचा संगणक सुरू होईपर्यंत त्याचा चहा पिऊन होतो!"

"अहो ताई, वैताग तक्त्यात कुठे भरू?"

"मग तुम्हीच दहा फोन करून बघा."

साहेबांनी हसत फोन लावला. पहिल्याच माणसाने त्यांना पाऊण तास सोडलं नाही. चौथ्या फोननंतर साहेबांनी घट खोडली आणि वाढ लिहिली. इतर संस्थांनी आमची टर उडवली.

वर्षअखेरीस आकडे आले. खर्च खरोखरच वाढला होता. साहेब धावतच फोनच्या खोलीत आले. ताई कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकत होत्या. त्यांनी हातानेच 'थांबा' अशी खूण केली आणि साहेब शाळकरी मुलासारखे दारात उभे राहिले.

बातमी कळल्यावर ताई इतक्या खळखळून हसल्या, की शेजारच्या टेबलांवर सगळ्यांना आपापले फोन हाताने झाकावे लागले.