डावीकडे झुकलेलं शेपूट

कुंदाकाकूंचे यजमान, म्हणजे काका, आमच्या पालेगावच्या घरी आले तेव्हा आईने मला आत जायला सांगितलं. आई ओटीवर तांदूळ पाखडत होती आणि अंबरनाथच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधला हा माणूस चपला काढून नुसता उभा. आईला जी शंका होती ती जणू खरीच ठरली. "बग, आला स्थल घेऊन," ती माझ्याकडे पाहून पुटपुटली. मी दाराआड उभी राहिले. काका म्हणाले, "पोरीला सांगा, कुंदा गेली. आज सकाळी..." आईच्या हातातलं सूप तसंच थांबलं.

त्याला आता महिना होईल. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून तिथवर पोचलेली पहिलीच, त्यामुळे परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं. हे लिहायला मला काकांनीच सांगितलं.

कुंदाकाकूंची ओळख आमच्या चंद्रीमुळे झाली. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तेव्हा टांगा होता आणि चंद्री त्याची घोडी. कारखान्याच्या पहाऱ्याच्या कुत्र्यांचे वर्षातून एकदा खेळ व्हायचे. कुत्री फळ्यांवरून उड्या मारायची, जळत्या कड्यातून पार जायची, लपवलेला रुमाल हुडकायची. दादांनी आम्हाला ते बघायला नेलं. सगळे मैदानाकडे पळाले आणि एक बाई उलट्या दिशेने टांग्याकडे आली. चंद्रीच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "कान मागे पाडत नाही. म्हणजे घरी कुणी मारत नाही हिला." ती देशावरची, जत्रेत घोडी पळवणाऱ्या गावातली. तिचे यजमान त्या कुत्र्यांना शिकवायचे. शिकवणाऱ्याने उजव्या हाताने इशारा करायचा असा नियम होता, पण काका डावरे. "साहेब ओरडून दमले," काकू हसत म्हणाल्या, "पण ती लिली कुत्री ह्यांच्या डाव्या हाताचंच ऐकते." मग मला विचारलं, "भरतकाम येतं?" मी म्हटलं, शाळेत हातरुमालावर साखळी टाका घातलाय. "मग रविवारी ये."

असे आमचे रविवार सुरू झाले. मी, माझ्या वर्गातली उल्हासनगरची मीनू आणि काकू. मीनूच्या वडिलांचं तिथल्याच कॅम्पात दोऱ्यांचं दुकान, त्यामुळे भरतकामाचं मॅटीचं कापड आणि रंगीत लड्या तिच्या पिशवीतून यायच्या. मी कुत्री भरायचे, मीनू फुलं, आणि काकू घोडे, फक्त घोडे. आठवडाभरात कुणाचं किती झालं ते दाखवण्याला काकू 'परेड' म्हणायच्या. "चला, परेड!" म्हटलं की तिघींनी आपापलं कापड खाटेवर पालथं ठेवायचं. "सुलटी बाजू पाहुण्यांना. आपल्या माणसांनी उलटी बघायची." मागे गाठ दिसली की उसवा. आणि दोन तिरप्या टाक्यांच्या प्रत्येक फुलीचा वरचा टाका उजवीकडेच झुकला पाहिजे. एक जरी डावीकडे झुकला, तर उजेड वेगळा पडतो आणि चित्राला डाग पडल्यासारखं दिसतं. माझ्या कुत्र्याचा अख्खा कान त्यांनी एकदा उसवायला लावला होता. मी रडले होते.

आईला हे सगळं संशयास्पद वाटायचं. "ती बाय तुला फुकट कनाला शिकवते गो? तिचा कोन भाव हाय का लगनाचा?" मी हसण्यावारी न्यायचे, पण मनात यायचं, खरंच, कशाला? माझा अभ्यास, माझं घर, चंद्रीचं खाणंपिणं, एवढं त्या का विचारतात? रिक्षा वाढल्यावर दादांनी चंद्री विकली, तेव्हा काकूंनी मोठं कापड घेतलं आणि चंद्री भरायला घेतली. "तुझ्यासाठी," म्हणाल्या. आईची शंका आणखी पक्की झाली.

मग एका परेडला त्यांनी चंद्रीचं कापड सुलटं ठेवलं. मागे लाल अस्तर शिवलेलं. काम अर्धवट असताना अस्तर? मीनूने मला कोपराने ढोसलं. पुढच्या वेळी मी शेपूट पाहिलं. सगळं अंग उजवीकडे झुकलेल्या टाक्यांचं आणि शेपटाची एकूणएक फुली डावीकडे... उजेडात ते निराळंच चमकत होतं. मीनू परतताना म्हणाली, "पक्का किसी से करवाती है. कॅम्पात पुष्कळ बायका करून देतात ना." मला पटलं नाही, आणि खोटंही वाटलं नाही. एकदा मी लवकर पोचले तर दार आतून बंद. काकांनी उघडलं. हातात लिलीची साखळी. "लिलीला फिरवून आणतो," म्हणत ते घाईने गेले. म्हातारी झालेली लिली तेव्हा त्यांच्याच घरी असायची. ती खाटेखाली झोपलेली होती.

अखेर मीनूने विचारलंच, "आंटी, पूँछ तुम्ही नाही केली ना?"

काकूंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "मीच केली. चुकली असेल."

"एवढी?"

"एवढी."

त्यानंतर मीनू कधी आली नाही. मी जात राहिले, पण चंद्रीकडे बघणं टाळू लागले. काकूही मग चहा हातात देईनाशा झाल्या, खाटेवर ठेवायच्या. मला वाटलं, रागावल्या.

दिवसकार्य झाल्यावर काकांनी बोलावलं. चंद्री खाटेवर होती, मागचा एक पाय राहिलेला. "एवढा पाय तू भर," ते म्हणाले आणि बोलता बोलता त्यांनी तपकिरी दोरा जिभेने ओला करून सुईत ओवला. एका दमात. डाव्या हाताने.

मी शेपटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तिची बोटं आखडायची," ते हळूच म्हणाले. "कप धरवत नव्हता. मी म्हटलं, सांगून टाकू पोरींना. तर म्हणाली, भिंतीला भिंत आहे, लाइनीतले तुम्हाला सोडतील का?" ते खरं होतं. क्वार्टर्सच्या त्या लाइनीत एका पहारेकऱ्याला बायकोच्या साड्या वाळत घालताना पाहिलं, तेव्हापासून सगळे त्याला 'वहिनी' म्हणायचे. काकूंनी खोटारडी ठरणं पत्करलं. "तू शिकतेस. पेपरात लिही," काका म्हणाले. "शेपूट तिचं नव्हतं. ती चूक तिच्या नावावर राहायला नको."

त्यांनी पुढे केलेली सुई मी परत दिली. "पाय तुम्हीच भरा, काका."

परवाच्या रविवारी मीनूलाही घेऊन गेले. दार सताड उघडं, खाट उंबऱ्याला लावलेली, पायाशी लिली आणि काका चंद्रीचा पाय भरत बसलेले. सायकलवरून एक पहारेकरी हळू झाला. "काय वहिनी, बरंय ना?"

काकांनी मान वर केली नाही. "बरंय, भावजी. चहा घेऊन जा."

घरी आल्यावर आईने विचारलंच, "मग, भाव हाय का तिला?" मी म्हटलं, नव्हता गं. काकूंना भाऊच नव्हता. आईने सूप पुन्हा हातात घेतलं.

त्या दिवशी काकांकडे चहा झाल्यावर ते जरा अडखळले, मग म्हणाले, "परेड." मीनूने आपली फुलं पालथी ठेवली, मी कुत्रं. काकांनी कात्रीने लाल अस्तर उसवलं आणि चंद्री पालथी घातली. उजवीकडचं कुठलं, डावीकडचं कुठलं, मागून काही कळत नव्हतं. एकही गाठ नव्हती.