पाहुण्यांचा फोन लागलाच नाही

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनीताचं, जमत आलेलं लग्न मी एका दुपारी खुर्चीवरून न उठता मोडलं.

तेव्हा मी खोपोलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर होतो. (खरं तर कॉम्प्युटर माझ्यावर होता!) टेलिफोनच्या तारेवरून रोज मुंबईच्या ऑफिसला फायली पाठवायच्या, आणि रोज मुंबईने म्हणायचं, "काहीच मिळालं नाही." शेवटी साहेब वैतागले.

"गायकवाड, काय गेलं, कधी गेलं, सगळ्याची नोंद त्या फायली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनेच ठेवली पाहिजे. आजच!"

प्रोग्रॅमचं जाडजूड पुस्तक वाचून डोळे चुरचुरले, पण नोंद सुरू झाली. फक्त नोंदीची फाईल मी मुंबईला जाणाऱ्या फायलींच्याच कप्प्यात ठेवली. प्रोग्रॅम ती पाठवायचा. पाठवली की तिच्यात 'पाठवली' असं लिहायचा. लिहिलं की ती बदलायची, आणि बदलली की पुन्हा पाठवायचा! पडद्यावर ओळी सरसर वाढत होत्या आणि मी शेजारी बसून धन्य होत होतो. वा! काय काम चाललंय!

त्याच दुपारी सुनीताला बघायला पाहुणे येणार होते. खोपोलीतल्याच शिळफाट्याला उतरून ते मला कारखान्यात फोन करणार, मग मी त्यांना घरी नेणार, असं ठरलेलं. कारखान्यात टेलिफोनची लाईन एकच. ती माझ्या नोंदीत गुंतलेली!

उन्हात ताटकळलेले पाहुणे शेवटी विचारत विचारत वस्तीत पोचले. "गायकवाडांचं घर कुठलं?" कुणीतरी दाखवलं. पण वस्तीत गायकवाड दोन, आणि त्या दुसऱ्यांचीही मुलगी लग्नाची! जयभीम झाला, पोहे झाले, चहा झाला. चूक कळेपर्यंत दोन्हीकडून होकारही झाला!

मी घरी आलो तर आई उंबऱ्यात कपाळाला हात लावून बसलेली.

"कुठं व्हतास रं?"

"कामात होतो."

सुनीता नव्या साडीची घडी घालत होती. म्हणाली, "जाऊ दे गं आई. मला नापसंत तर नाय ना केलं कुणी?"

"येवढं कसलं काम व्हतं?" आईनं सोडलं नाही.

"नोंद ठेवत होतो."

"कशाची?"

मी आठवून पाहिलं. दिवसभरात दुसरी एकही फाईल गेली नव्हती.

"नोंद पाठवल्याची."

आई उंबऱ्यातून उठली. मग थकल्या आवाजात सुनीताला म्हणाली,

"वाढ गं त्याला. दिसभर काय नाय करून दमलाय त्यो."